व्हर्लिनचा वाटा

व्हर्लिन टेस्कीला नावानं हाक मारणारं आमच्या गावात फारसं कुणी उरलेलं नाही. सगळे त्याला 'क्वार्टरबॅक' म्हणतात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये मागं उभा राहून हातानं चेंडू फेकणारा. धान्याच्या कोठारावर तो वजनकाटा सांभाळतो, तिथले ट्रकवालेसुद्धा. कॉलेजात असताना त्याचा संघ एका मोसमात एकही सामना हरला नाही. त्या गोष्टीला आता चाळीसेक वर्षं होत आली, पण नेब्रास्कात असल्या गोष्टी शिळ्या होत नाहीत.

मुख्य रस्त्यावर माझं छोटं हॉटेल आहे. शनिवारी सकाळी, रेडिओवर सामना लागण्याआधी, तिथं वाद ठरलेला.

"चेंडू कोण फेकत होतं? व्हर्लिनच ना?" मर्ल, आमचा निवृत्त पोस्टमन, टेबलावर मूठ आपटायचा.

"आणि फेकायला वेळ कोण देत होतं?" गस न्हावी म्हणायचा. "समोरच्यांना अडवायला पुढं पाच रेडे भिंतीसारखे उभे. त्यांच्या मागं माझ्या सासूला उभी केली असती तरी जिंकलो असतो."

"तुझ्या सासूला भिंत कशाला लागतेय!"

सगळे खो खो हसायचे. आणि ज्याच्यावरून हे भांडण, तो खिडकीशी एकटा बसून अंडी-बटाटे खात असायचा. एकदा तो म्हणाला, "गसचं खरंय." तर मर्लनं त्याच्या पाठीत थाप मारली. "बघा! एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही!" व्हर्लिननं पुन्हा ताटात मान घातली.

बायको, जोलीन, कधीच ओमाहाला निघून गेली होती. मूलबाळ नव्हतं. घरी वाट बघणारं कुणी नसल्यानं तो माझ्याकडं रेंगाळायचा.

त्या पाच रेड्यांतला मधला, व्हर्लिनच्या हाती चेंडू देणारा, म्हणजे माझा थोरला भाऊ लॉनी. ते पाचही जण दर उन्हाळ्यात तळ्यावर मासे धरायला जातात. व्हर्लिनला बोलावणं नसतं. काउंटरशी बिल देताना तो उगाच विचारायचा, "काय गं डोरीन, यंदा मासे लागले का त्यांना?"

गेल्या ऑक्टोबरात कॉलेजनं त्या जुन्या संघाला मैदानावर बोलावून सत्कार केला. माइक अर्थातच व्हर्लिनच्या हातात दिला. तो म्हणाला, "ते सामने मी जिंकले नाहीत. या पाच जणांनी जिंकले. मी फक्त त्यांच्या मागं उभा होतो." सगळं मैदान उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. लॉनी तेवढा काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर व्हर्लिन लॉनीच्या शेतावर आला. मी तिथंच स्वयंपाकघरात होते.

"काल चुकलं का माझं काही?"

"आपण काहीच केलं नाही, असं म्हणालास तू," लॉनी म्हणाला. "मग हे गुडघे मी कुणासाठी मोडून घेतले रे?"

"श्रेय तुमचं होतं, ते तुम्हाला दिलं."

"कुणी मागितलं होतं? मी नातवंडांना सांगतो, राज्यातला सगळ्यात भारी फेकणारा आमच्यामागं होता, आणि आम्ही त्याला कुणाचा हात लागू दिला नाही. तू साधासुधा होतास म्हटल्यावर आम्ही राखलं काय?"

 मग व्हर्लिन हळूच म्हणाला, "मासे धरायला एकदा तरी बोलवायचं होतं मला."

लॉनी ओशाळला. "अरे बाबा, तिथं आम्ही तुझ्याच गोष्टी काढतो. तू समोर बसलास तर त्या सांगायच्या कशा?"

व्हर्लिन हसला. मी दिलेली कॉफी त्यानं अर्धीच प्यायली. लॉनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाला.

पुढच्या शनिवारी मर्लनं नेहमीचं टुमणं लावलं, तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "हो, बरा फेकायचो मी." मर्ल खूश झाला. गसचं तोंड उतरलं.

त्यानंतर शनिवारचं त्याचं येणं थांबलं. आता तो मंगळवारी-बुधवारी दुपारी येतो, हॉटेल रिकामं असतं तेव्हा. मी भांडी पुसत असते. तो मक्याच्या भावाचं बोलतो, पावसाचं बोलतो. मी त्याला व्हर्लिन म्हणते. कधी बोलणं संपतं, तरी तो कप पुढं सरकवून आणखी थोडी कॉफी मागतो.