तारखेच्या जागी

जहाज कंपनीच्या ऑफिसात मी संगणकावर एसक्यूएलमध्ये खलाशांच्या परतीच्या तारखांचा रिपोर्ट बनवत होते. काही तारखा 'नल' होत्या, म्हणजे न भरलेल्या.

साहेब म्हणाले, "रिकामं बरं दिसत नाही. शून्य टाका."

"सर, शून्य हीसुद्धा माहितीच झाली. इथे तर अजून काही कळलेलंच नाही."

मग मी अट लिहिली: तारीख असेल तर तारीख, नसेल तर 'वाटेवर'. क्वेरी चालवली, तशी समुद्रावर असलेल्या माझ्या नवऱ्याच्या नावापुढेही 'वाटेवर' उमटलं. तो शब्द मीच टाइप केला होता, तरी कुणीतरी निरोप धाडला असावा तशी मी बघत राहिले.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "काही कळलं का गं?"

"वाटेवर आहेत," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. तो शब्द मीच टाकलाय, हे मी सांगितलं नाही.