मामाचा प्रोसेसर

वसमतच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. मालाला कधीतरी गिऱ्हाईक लागतं, किश्श्यांना लागत न्हाई, म्हणून ते तुमच्या गळ्यात मारतो. आजचे सगळे एकट्या गजाननचे. एवढी कृपा दुसऱ्या कोणत्याच गिऱ्हाईकानं केली न्हाई.

गजानन डोंगरकडा गावचा, घरची केळीची बाग. मामाची पोरगी वैशाली, तिच्याशी त्याची सोयरीक जवळजवळ ठरलेली. पण मामा भलता मानपानवाला. दिलेला आहेर वापरला न्हाई म्हणून सख्ख्या साडूशी बोलणं सोडलेला माणूस. त्यानं भाच्याच्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी पुण्याहून प्रोसेसर पाठवला. झालं!

*

गजाननचे पार्ट आहेरासारखेच जमले. प्रोसेसर मामाचा, मदरबोर्ड मित्राच्या पसंतीचा, ग्राफिक्स कार्ड सेलमधलं. कोणी कोणाला विचारलेलं न्हाई.

"अरे, एकमेकांना बसतात का ते आधी बघायचं ना?"

"आणल्यावर बसतेत की हळूहळू."

लग्नाबद्दलही त्याचं हेच मत असेल तर पोरीला आत्ताच कळवावं, असं मला वाटलं.

*

रॅम जुनी निघाली, बोर्ड नवीन. रॅमची खाच बोर्डाच्या खोबणीतल्या उंचवट्याला जुळेना. गजाननानं दोन्ही नीट न्याहाळून विचारलं, "कानस हाय का? घासून बसवतो."

मी कानस लपवून ठेवली.

*

मग ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटात मावेना. यानं तिथल्या तिथं गावच्या वेल्डिंगवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. वेल्डिंगवाला म्हणाला, "दोन बोटं कापून देतो, न्या इकडं."

मी विचारलं, "काय कापतो, कॅबिनेट का कार्ड?"

"तुमाला जे स्वस्त पडंल ते."

शेवटी मोठं कॅबिनेट घेतलं. त्यातही बाजूला काच पाहिजेच, कारण मामाला आपला प्रोसेसर दिसला पाहिजे. प्रोसेसर पंख्याखाली झाकलेला असतो, तो कोणालाच दिसत न्हाई, हे मी सांगितलं. ते त्यानं ऐकून सोडून दिलं.

*

आता खरी पंचाईत. मामाचा प्रोसेसर एका कंपनीचा, बोर्ड दुसऱ्याच कंपनीसाठीचा. जन्मात बसायचा न्हाई.

"बदलून घे," मी म्हणलं.

"मामाला काय सांगू? सोयरीक मोडंल ना." त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्याची दया आली.

बोर्डाला बसणारा दुसरा प्रोसेसर त्यानं गुपचूप घेतला. मामाचा प्रोसेसर पारदर्शक डबीत घालून मी कॅबिनेटच्या आत काचेसमोर चिकटवला, वर लाल-निळी लाईट सोडली. कुणाची सोयरीक मोडल्याचं पाप दुकानावर नको.

*

कॉम्प्युटर न्यायच्या दिवशी मामा स्वतः आले, सोबत वैशाली. गजाननानं बटण दाबलं, सगळं झगमगलं. मामांनी चष्मा पुसून काचेला नाक लावलं.

"बघ पोरी, आपला प्रोसेसर कसा चमकून राहिला. सगळा कॉम्प्युटर त्याच्याच जिवावर चालते."

"व्हय मामा," गजानन म्हणाला.

वैशाली वाकली. बराच वेळ आत बघत राहिली.

"बाबा, त्याला तर काहीच जोडलेलं न्हाई."

"तुला काय कळतं त्यातलं?" मामा म्हणाले.

ती सरळ झाली आणि गजाननकडं बघून हळूच म्हणाली, "मला बी असंच काचंत बसवून ठेवतो का?"