‘आमची टीम’ नावाचं पान

“कुत्र्याचा राहू दे. तुझा काढ.”

समीर माझ्या खुर्चीमागे उभा राहून हे बोलला. समीर म्हणजे आमच्या ऑफिसचा मालक. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा होता. काचा लावून, बीन बॅग टाकून त्याचं ऑफिस केलेलं. आम्ही लोकांना वेबसाइट बनवून द्यायचो. त्या दिवशी आमच्या स्वतःच्या वेबसाइटवर ‘आमची टीम’ हे पान तयार करायचं होतं आणि ते काम माझ्याकडे आलं होतं. प्रत्येकाचा फोटो. खाली नाव. खाली हुद्दा. शेवटच्या ओळीत बिस्किट. बिस्किट हा समीरचा कुत्रा, लॅब्राडॉर. रोज त्याच्याबरोबर जुहूहून गाडीतून यायचा. हुद्दा काय? हॅपिनेस ऑफिसर.

बिस्किटच्या शेजारी मी माझा फोटो टाकला होता.

टाक असं कुणी सांगितलं नव्हतं. पण फोन मी उचलायचे, क्लायंटचा मजकूर मी चढवायचे, सकाळी ऑफिस मी उघडायचे. टीम म्हटल्यावर त्यात मी आलेच, असं मी धरून चालले.

फोटो घरी काढलेला. भांडुपला, धाकट्या बहिणीने, मोबाइलवर. मी इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि भिंतीला टेकून उभी होते. भिंतीवर फ्रेम आहे. फोटोत तिची नुसती कड आली होती आणि कडेला निळ्या कोटाची एक बाही. आमच्या घरात कुणीही आलं तरी पहिली नजर त्या फ्रेमवर जाते. आमच्या वस्तीत घरोघरी आहे ती.

समीरने माझ्या हातातला माउस घेतला. फोटो मोठा केला. माझा चेहरा स्क्रीनच्या बाहेर गेला. बाही मध्ये आली.

“हे ना, पॉलिटिकल वाटतं यार. क्लायंट सगळ्या टाइपचे असतात.”

“दुसरा काढून आणू?”

“नको गं. तू तशी पण समोर कुठे येतेस? राहू दे सध्या.”

तन्वीच्या फोटोत मागे त्यांच्या घरचं देवघर होतं. गणपती, समई, सगळं. ते पॉलिटिकल नव्हतं. तन्वी आमची कंटेंट हेड. माझ्याच वयाची. शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “डोन्ट माइंड हं. बिस्किट क्यूट आहे ना, लोक क्लिक करतात.”

मी माझा फोटो निवडला. ‘काढून टाका’ दाबलं. नक्की काढायचा का, असं सॉफ्टवेअरने विचारलं. सगळ्या ऑफिसात मला तेवढं त्यानेच विचारलं.

हो म्हटलं. गेला.

मग समीर निखिलला म्हणाला, “चल, पब्लिश कर.” कारण प्रसिद्ध करायचं बटण माझ्याकडे नव्हतंच. ज्या सिस्टिमवर आम्ही साइट बनवायचो तिच्यात प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. सगळ्यात वरच्याला सगळं दिसतं, सगळं करता येतं. सगळ्यात खालच्याने मजकूर लिहायचा, फोटो चढवायचे आणि थांबायचं. वरचा कुणीतरी येऊन बटण दाबेल तेव्हा ते जगाला दिसणार. मी सगळ्यात खाली होते. दोन वर्षं तिथेच होते.

वर कसं जायचं, हे मी विचारलं नव्हतं असं नाही.

निखिल आमचा डेव्हलपर. कॉलेजातून इंजिनियर झालेला, मुलुंडचा. वागायला वाईट नव्हता. डब्यातलं शेअर करायचा, माझ्या डब्यातलं मात्र कधी घेतलं नाही, पोट भरलंय म्हणायचा. फोटोच्या त्या दिवसाच्या बऱ्याच आधी, एकदा जेवणानंतर मी त्याला म्हटलं, “निखिल, ही सिस्टिम पहिल्यापासून बसवतात कशी, ते दाखवशील? नवीन साइट असते तेव्हा मी नुसती बाजूला बसेन.”

तो हसला. “अगं, ते तुझ्या लेव्हलचं नाहीये. आमच्यातले पण अडकतात.”

“अडकले तर अडकले. शिकेन ना.”

“शिक ना. पण इथे रिझर्व्हेशन नसतं हां. इथे जमावं लागतं.”

सगळे हसले. समीर हसला. तन्वी मोबाइलमध्ये बघत हसली. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं. गालाला ताण पडला होता. हसले नाही तर ‘हिला जोक कळत नाही’, आणि हसले तर झालं, सगळं बरोबर. कॉलेजला मी कुठल्या यादीतून गेले, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आडनावाने सांगितलं होतं.

त्या रविवारी मी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत गेले. भांडुपच्या टेकडीवर, वरच्या अंगाला विहार आहे. मागे एक खोली, तिच्यात एमपीएससीची पुस्तकं, पंखा, आणि कुण्या कंपनीने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर. अभ्यासिका सांभाळणारे काका रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना विचारलं, यावर काही बसवून बघू का? ते म्हणाले, “बसव की. तसाही तो नुसता गरम होतो.”

सॉफ्टवेअर शोधलं तर फुकट मिळत होतं. उतरवून घ्या म्हणे. मला पहिला धक्का तिथेच बसला, कारण समीर क्लायंटला सांगायचा, ही आमची खास सिस्टिम आहे, आम्ही डेव्हलप केलीय. फोनवर मीही तेच सांगायचे, पाठ करून.

उतरवलं. आणि मग माझी वाट लागली.

लिहिलं होतं, पाच मिनिटांत बसतं. कुणाच्या पाच मिनिटांत? आधी त्या कॉम्प्युटरलाच साइट चालवणारा सर्व्हर बनवायचं. मग डेटाबेस, म्हणजे साइटचा सगळा मजकूर साठवायची कोठी, ती तयार करायची. तिला नाव द्यायचं, पासवर्ड द्यायचा, आणि तेच नाव-पासवर्ड एका फाइलीत लिहून सॉफ्टवेअरला सांगायचं. सांगितलं. एकच उत्तर आलं. डेटाबेसशी जोडणी होत नाही. पुन्हा केलं. जोडणी होत नाही. सगळं पुसून पहिल्यापासून. जोडणी होत नाही. मदतीची पानं इंग्रजीत, आणि ती लिहिणाऱ्याने धरून चाललेलं की वाचणाऱ्याला अर्धं माहीतच आहे. एक शब्द शोधावा तर त्याच्या अर्थात आणखी तीन न कळणारे शब्द. व्हिडिओ लावावा तर तो माणूस म्हणतो, हे तर सोपं आहे, आणि भरभर क्लिक करत निघून जातो. त्याच्या स्क्रीनवर जे दिसतं ते माझ्या स्क्रीनवर नाहीच. एका फोरमवर मी प्रश्न टाकला. कुणीतरी उत्तर दिलं, आधी वाचून ये. अरे, वाचूनच आलेय मी. वाचून वाचून डोळे फुटायची वेळ आलीय.

काका आत डोकावले. “काय गं, कॉम्प्युटरला मारतेस की काय?”

“ऐकत नाही काका हा.”

“मारून कुणी ऐकत असतं तर आपल्या लोकांनी कधीच ऐकलं असतं,” ते म्हणाले आणि चहा ठेवून गेले.

असे किती रविवार गेले. मी घरी यायचे ती तोंड पाडून. आई मुलुंडला एका हॉस्पिटलात हाउसकीपिंगला आहे. तिने एकदा मला मोरीत तोंड धुताना पाहिलं. मी रडले होते ते तिला कळलं. ती म्हणाली, “तू काय शिकतेस ते मला नाय समजत. पण रडत नको शिकू. चिडून शीक. रडलं की माणूस झोपतो.”

पुढच्या रविवारी चिडून गेले. चूक सापडेना म्हणून त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरातली एकेक फाइल उघडून बघायला लागले. कळो न कळो. तिथे लायसन्सची फाइल होती. लांबलचक, कायद्याच्या इंग्रजीत. मोबाइलवर शब्द बघत बघत मी ती वाचली. सगळी कळली नाही. जेवढी कळली त्यात होतं की हे कुणीही वापरावं. कशासाठीही वापरावं. उघडून आत बघावं. बदलावं. दुसऱ्याला द्यावं. द्यावं तर त्यालाही हे सगळे हक्क द्यावेत, अडवू नये.

कुणीही.

मी खुर्चीतून उठले आणि त्या खोलीत फिरायला लागले. दोन वर्षं मी ज्या गोष्टीसाठी निखिलच्या पाठीमागे उभी राहत होते, शिकव ना, दाखव ना करत होते, ती त्याची नव्हतीच. समीरचीही नव्हती. ती माझीही होती, पहिल्या दिवसापासून. आणि तरी ते दाराशी बसून होते. तळं सगळ्यांना खुलं आहे, असा ठराव कागदावर आधीच झाला होता, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ठराव झाला म्हणून कुणी ओंजळ भरू दिली नव्हती. चालत जाऊन भरावी लागली होती. हे मी भाषणात शंभरदा ऐकलं होतं. टाळ्या वाजवल्या होत्या. कळलं त्या दिवशी, गरम झालेल्या कॉम्प्युटरसमोर.

चूक काय होती? पासवर्ड चिकटवताना त्याच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटून येत होती. दिसत नव्हती. एवढ्याशा न दिसणाऱ्या जागेने माझे ते सगळे रविवार खाल्ले. ती काढली आणि पान उघडलं. साइटचं नाव काय? प्रशासकाचं नाव काय? मी माझं नाव लिहिलं. आडनावासकट. मग भाषा मराठी केली. डाव्या बाजूला सगळी बटणं ओळीने आली. त्यात प्रसिद्ध करायचंही होतं.

मी ते दाबलं. पान कोरंच होतं. तरी दाबलं.

ऑफिसात कुणाला बोलले नाही. काय बोलणार? आणि त्यानंतर काही दिवसांनीच ‘आमची टीम’ झालं. म्हणजे मला सगळं माहीत होतं, हे कुणाच्या बापाचं नाही हे वाचलं होतं, आणि तरी “तुझा काढ” म्हटल्यावर मी काढला. समजणं आणि हात थांबणं यात अंतर असतं. बोट आपोआप गेलं. घरी येताना मला त्या कुत्र्याचा राग येत होता, ज्याने माझं काही बिघडवलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात समीर परत माझ्या खुर्चीमागे आला. आवाज गोड.

“अगं, तुझा तो फोटो आहे ना अजून? टाक ना परत.”

“कुठला?”

“तोच. वॉलवाला. आणि पूर्ण नाव टाक, आडनावासकट. बाहेरच्या देशातली एक फाउंडेशन आहे, काम देतेय, त्यांना डायव्हर्सिटी बघायचीय. आपल्याकडे आहेच की. आपण कधी दाखवत नाही.”

मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याला काहीच वाटत नव्हतं. आठवतही नव्हतं. तन्वी म्हणाली, “बघ, येतो की नाही सगळ्यांचा नंबर?”

मी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

“टाकणार नाही.”

“काय?”

“फोटो टाकणार नाही. नावही नाही.”

“अगं, तुझ्याच फायद्याचं आहे. तुम्हा लोकांना कुणी पुढे आणलं तरी...” तो थांबला. मग म्हणाला, “तुला काही येत नव्हतं तेव्हा घेतलं ना आम्ही?”

“त्या दिवशी तुम्हाला माझ्या भिंतीची लाज वाटली. आज तीच भिंत विकायचीय. भिंत माझ्या घरची आहे, सर. कधी दाखवायची ते मी ठरवणार.”

कुणी हसलं नाही. निखिल स्क्रीनमध्ये बघत राहिला. समीर म्हणाला, “एवढा अ‍ॅटिट्यूड असेल तर कठीण आहे.” मी म्हटलं, कठीण आहेच. डबा उचलला आणि बाहेर पडले. खाली रिक्षावाले मरोळ, साकीनाका ओरडत होते. मी तिथे बराच वेळ नुसती उभी राहिले. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. नोकरी गेली होती आणि घरी सांगायचं होतं.

आज मी साकीनाक्याला एका पॅकिंगच्या युनिटमध्ये बिलं टाइप करते. सुटीच्या दिवशी अभ्यासिकेत बसते. घाटकोपरच्या एका बाईंची साइट केली, मसाल्याची. त्यांनी फोनवर पहिलं विचारलं, तुमचे सर कोण, त्यांच्याशी बोलू द्या. विहाराची साइट बनवतेय, ती गेल्या आठवड्यात अपडेटनंतर पांढरी फटक पडली. अजून उठलेली नाही. वस्तीतल्या दोघी मुली शिकायला येतात. त्याही माझ्यासारख्याच चिडतात, टेबलावर हात आपटतात. मी त्यांना सोपं आहे असं खोटं सांगत नाही.

मला राग आहे. तो जाईल असं वाटत नाही, आणि मी घालवणारही नाही. जिथे कुणी म्हणेल हे तुझं नव्हे, तिथेच मी बसणार. उघडून आत बघणार. मोडलं तर परत बसवणार, परत मोडलं तर परत. शेजारी जिला बसायचंय तिला जागा देणार.

आणि यातलं काहीही, यापुढे, कुणाला विचारून करणार नाही.