बिनलेबलची पूड

द्वारका चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. तिथे उभा राहून मी तीस वर्षं गिऱ्हाइकं बघतोय आणि शिकलेल्या माणसाइतका भोळसट प्राणी मला अजून भेटलेला नाही. तापाची साधी गोळी घेताना हा माणूस चष्मा कपाळावर चढवून एक्सपायरी वाचतो, कंपनी विचारतो, पित्त तर होणार नाही ना म्हणून माझं डोकं खातो. तोच माणूस सकाळी फिरायला गेल्यावर कुणी दिलेली तपकिरी पूड तळहातावर घेऊन चाटतो आणि वर मलाच सांगतो, "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही." द्राक्षाच्या हंगामात पेठ तालुक्यातून येणारे मजूरसुद्धा माझ्याकडून गोळी घेताना ती कशावरची आहे ते दोनदा विचारून घेतात.

माझे वडील त्या शिकलेल्यांतलेच निघाले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांची सगळी नोकरी बॉयलरच्या गेजवर नजर ठेवण्यात गेली. काटा बघितल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, हे ते आम्हाला जेवतानाही ऐकवत. निवृत्त झाले आणि गुडघ्यांनी दगा दिला. आधी ते आमच्या गल्लीतल्या वैद्यांकडे गेले. वैद्य रीतसर शिकलेले. त्यांनी वजन उतरवायला सांगितलं, कोमट तेलाचं मालीश, शेक आणि मांड्यांचे व्यायाम दिले. "सहा महिने लागतील आणि थोडं दुखणं राहीलच," असं तोंडावर सांगितलं. महिनाभरात वडिलांना जिना खरंच सोपा जायला लागला होता. पण थोडं दुखणं राहणार हे त्यांना पटलं नाही. त्यांना जादू हवी होती. मीही त्या सरळ माणसाला घरात 'काढेवाले' म्हणून हिणवायचो, त्यामुळे वडिलांनी तिथे जाणं सोडलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

जादू गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर मिळाली. तिथल्या कंपूत एक निवृत्त साहेब होते. त्यांची खुर्ची गेली होती, पण लोकांनी आपल्यापुढे हात पसरावेत ही हौस गेली नव्हती. सुरगाण्याच्या डोंगरातल्या कुणा महाराजांची पूड ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून फुकट वाटायचे. पिशवीवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. आत काय आहे म्हणून कुणी विचारलं, की साहेब डोळे मिटून म्हणायचे, "सांगितलं तर गुण जातो." आणि जन्मभर गेज वाचलेला माझा बाप यावर मान डोलवायचा!

चौथ्या दिवशी त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. दुसऱ्या आठवड्यात ते पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आले आणि घरभर नाचले. मी म्हणालो, "दादा, गवत आहे ते वाळलेलं. मनाचे खेळ आहेत." ते म्हणाले, "तुझ्या गोळ्यांनी जमलं नाय ते गवतानं केलं, लय भारी हाय मग गवत."

पाच-सहा महिने असेच गेले. वडिलांची भूक वाढली. चेहरा गोल, भरलेला दिसू लागला. जरा कुठे हात आपटला की काळानिळा डाग उठायचा. नातेवाईक म्हणायचे, तब्येत छान सुधारली. मी रोज रात्री त्यांच्यासमोर बसून जेवायचो आणि तो चेहरा बघायचो. पुडीत काही नाहीच हे मी ठरवून टाकलं होतं, त्यामुळे पुढचा विचार करायची मला गरजच वाटली नाही.

मग एका रविवारी पाहुणे आले. वडिलांनी त्यांच्यासमोर सांगितलं, "पोराचं येवढं मोठं मेडिकल हाय, पण गुण आला तो पुडीचा." पाहुणे माझ्याकडे बघून हसले आणि मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी कपाटातल्या सगळ्या पिशव्या तिच्यात टाकून आलो. आई दारात उभी राहून बघत होती. साहेबांना फोन करून पुन्हा पूड दिलीत तर याद राखा म्हणून दम भरला. त्या दिवशी दुकानात मी फार खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी वडिलांना अंथरुणातून उठता येईना. उलट्या सुरू झाल्या, दुपारपर्यंत ते बरळायला लागले. दवाखान्यात नेलं तेव्हा ब्लडप्रेशर पार खाली गेलेलं होतं. डॉक्टरांनी त्यांचा चेहरा निरखला, हातावरचे डाग बघितले आणि मला विचारलं, "स्टेरॉईड वगैरे चालू होतं का? बाहेरचं काही औषध?"

"छे! माझं स्वतःचं मेडिकल आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो, जरा तोऱ्यातच. सलाईन चालू होती तरी प्रेशर वर येत नव्हतं. नर्स दोनदा धावत आली. बापाचे हात गार पडले होते आणि मी ते चोळत बसलो होतो. मला रडू आवरत नव्हतं.

तेवढ्यात आई उठली. तिने पर्समधून एक पिशवी काढली. घंटागाडी यायच्या आधीच तिने ती बाजूला काढून ठेवली होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "सांगितलं तर गुण जातो म्हणतात, म्हणून गप होते. पण आता माणूसच जायला लागलाय."

डॉक्टरांनी पूड बघितली. "किती महिने घेत होते? बंद कधी केली?"

"मी फेकली. तीन दिवस झाले," मी म्हणालो.

त्यांनी लगेच इंजेक्शन मागवलं. संध्याकाळपर्यंत वडिलांचं प्रेशर सावरलं, त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. पुढे पुडीच्या तपासणीत स्टेरॉईडच निघालं. ते एकदम बंद केलं तर शरीर कोलमडतं, हळूहळूच कमी करायचं, हे मी गल्ल्यावर बसून दिवसातून दहा वेळा लोकांना बजावतो.

साहेब शहाळं घेऊन भेटायला आले. म्हणाले, "पथ्य मोडलं असेल." मी तक्रार केली आहे. ते अजून ट्रॅकवर पिशव्या वाटतात आणि शिकलेले लोक अजून रांगेत उभे राहतात. वैद्यांकडे मात्र मी स्वतः वडिलांना पुन्हा घेऊन गेलो. त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांची फाईल आधी वाचली, मगच तेलाची बाटली काढली.

दवाखान्यातून घरी आल्यापासून वडिलांच्या स्टेरॉईडच्या गोळ्या मी स्वतः कापून देऊ लागलो, दर आठवड्याला थोडी कमी. एकदा त्यांनी ती अर्धी गोळी उलटसुलट करून बघितली.

"पुडीत हेच व्हतं?"

"हेच."

"म्हंजी तुझ्या दुकानातलंच."

"हो."

त्यांनी गोळी गिळली, वर पाणी घेतलं आणि ते माझ्याकडे बघत राहिले. "तीस वर्सं इकतोस तू हे," ते म्हणाले. "अन् माझ्या तोंडावर दिसलं नाय तुला?"