तोंगकाकांची पिवळी मुदान

एप्रिल लागला की चीनमधल्या आमच्या लोयांग शहरातली माणसं एकमेकांची तब्येत विचारायची विसरतात. "तुमची उमलली का?" एवढंच विचारतात. उमलायची असते ती मुदान. थाळीएवढं फूल, पाकळ्यांवर पाकळ्या, फुलांची राणीच. ती दारात फुलली म्हणजे घरावर वैभवाचा शिक्का बसला, असं आम्ही मानतो.

तोंगकाका आमच्याच चौकात राहतात. बेअरिंगच्या कारखान्यात यंत्रांच्या वर आवाज चढवता चढवता त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर यंत्रं राहिली तिकडे, आवाज तेवढा आला घरी. त्यांची एकुलती एक लेक रुईश्या हेझे गावच्या पोरावर भाळली, तेव्हा ही बातमी आम्हाला काकांच्याच तोंडून, तीन भिंतींपलीकडून, कळली.

हेझेलाही मुदानीच्या बागा आहेत. आपलीच मुदान खरी, असं तिथले लोक म्हणतात. त्यामुळे लोयांगच्या माणसाला हेझेचं नाव काढलं तरी ठसका लागतो. पण काकांनी सरळ नाही म्हटलं नाही. म्हणाले, "अंगणातली माझी पिवळी मुदान फुलू दे. शुभ चिन्ह मिळालं की माझा होकार."

आता शुभ चिन्हाला कोण विरोध करणार? दोन वर्षं एप्रिल आला आणि गेला. काकांनी झाडाभोवती कुंपण घातलं, थंडीत झाड पोत्यांत गुंडाळलं, उन्हात त्याच्यावर छत्री धरली. कुणाला जवळ म्हणून फिरकू दिलं नाही.

"तिला घाई खपत नाही," काका सांगायचे. "सम्राज्ञीनं हुकूम सोडला तरी फुलली नव्हती ती! म्हणून तर राजधानीतून हाकलून तिला इकडे लोयांगला धाडली. तुमच्या लग्नासाठी फुलेल होय?"

"बाबा, तिच्या आधी मीच वाळेन," रुईश्या म्हणायची.

यंदा मे महिन्याच्या तोंडावर काकूंनी काकांना आपल्या बहिणीच्या गावी न्यायचं ठरवलं.

"तिचे गुडघे दुखताहेत."

"मी येऊन ते बरे होणार आहेत?"

"तुमचं बोलणं सुरू झालं की ती गुडघे विसरेल."

आठवड्यानं दोघं परतले तेव्हा सगळा चौक अंगणात जमला होता. रुईश्यानं कुंपण काढून टाकलं होतं. झाडावर एक भलंमोठं गुलाबी फूल डुलत होतं. शेजारी हेझेहून बोलावून आणलेले काओ पतिपत्नी, म्हणजे होऊ घातलेले व्याही, उभे होते.

फूल मुदानीचं नव्हतं. ते होतं शाओयाओचं. मुदान राणी, तर शाओयाओ तिची प्रधान. तोंडावळा तोच, पण हुद्दा खालचा आणि फुलायची वेळ उशिराची. आमच्याकडे शाओयाओच्या मुळावर मुदानीचं कलम बांधतात. कलम मेलं तर मूळच फुटून वर येतं. तसंच झालं होतं. चौकातल्या शेंबड्या पोरालाही हे दिसत होतं, पण रुईश्याच्या लग्नापायी सगळ्यांनी आधीच संगनमत केलं होतं.

"वा काका! काय मुदान आहे!"

"पण पिवळी ना हो?"

"पिवळीच आहे. उन्हात गुलाबी दिसते."

राहिले काओ. पिढ्यान्‌पिढ्या मुदान लावणारा माणूस. त्यांच्या कपाळावर घाम आला. "फारच सुंदर मु..." म्हणून ते अडले. बायकोनं पायावर पाय दिला तेव्हा "...दान" बाहेर पडलं.

शेजाऱ्यांचं काकांनी ऐकून घेतलं होतं. पण हेझेच्या माणसानं भर लोयांगमध्ये शाओयाओला मुदान म्हणावं?

"डोळे फुटले का तुमचे?" काका गरजले. "शाओयाओ आहे ती! कोवळं हिरवं देठ दिसत नाही? थंडीत जमिनीसपाट होते ती, आणि तुम्ही तिला मुदान म्हणता?"



"थंडीत सपाट होते?" रुईश्यानं हळूच विचारलं. "मग बाबा, पोत्यांत काय गुंडाळत होतात?"

"काठ्या."

"आणि गेल्या दोन वर्षांच्या कळ्या?"

काका आपल्या चपलांकडे बघत राहिले. "खुडल्या."

"म्हणजे मुदान कधीच फुलणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं!"

"कलम पहिल्याच हिवाळ्यात मेलं." आयुष्यात पहिल्यांदा काकांचा आवाज ऐकायला आम्हाला पुढे सरकावं लागलं. "म्हटलं, मिळतील तेवढे दिवस मिळतील. हेझे म्हणजे काही शेजारची गल्ली नाही."

रुईश्या भांडायच्या तयारीनं पुढे आली होती. ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली. "बाबा, रेल्वे आहे ना."

"आहे की. पण रोज सकाळी माझ्याबरोबर सूप प्यायला रेल्वेनं येणार आहेस का?"

काओंनी घसा खाकरला. "तोंगदादा, एक विनंती आहे. मी हिला मुदान म्हणालो, हे हेझेत कुणाला कळू देऊ नका. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

 काकांच्या पोटातून हसू वर येऊ लागलं.

"नाही सांगत. पण एका अटीवर..."

"पुन्हा अट!" सगळा चौक एकसुरात ओरडला.

"लग्न शरदात करू," काका घाईघाईनं म्हणाले. "एवढा उन्हाळा तरी ती राहू दे माझ्याकडे."

काओंनी रुईश्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली, आणि काकू सगळ्यांसाठी सूप चढवायला आत गेल्या.