प्रितमचे चौदा अलार्म

वायर लावण्याआधी तिच्या टोकावर फुंकर मारायची. घरातल्या मिक्सरपासून टीव्हीपर्यंत प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. चहा निवल्याशिवाय प्यायचा नाही. कुणी नंबर सांगितला की आधी परत म्हणून दाखवायचा, मग लिहायचा. दुसऱ्याच्या बॅगेची चेन उघडी दिसली, तर आपलं वाक्य न तोडता ती लावून टाकायची. आणि गेले दोन आठवडे, डाव्या जबड्याखाली अंगठा दाबून धरायचा.

प्रितमची ही शेवटची सवय नवी होती. श्वेतानं ती पाहिली होती. तिचा अर्थ मात्र शनिवारी सकाळी कळला.

प्रितमची आई, शकुमावशी, तिच्या दारात आल्या. घाटकोपरला एकाच मजल्यावर दोन्ही घरं. प्रितम आणि ती पहिलीपासून एका वर्गात. मावशी बसल्या नाहीत.

"त्याच्या बाबांचं असंच दाढेपासून सुरू झालं होतं. दाढ काढतो, काढतो म्हणत राहिले, आणि निघालं हृदयाचं. त्यातच गेले. एक्केचाळीस वर्षंही पुरी नव्हती. मी बोलले की चिडतो. तुझं ऐकेल."

श्वेतानं संध्याकाळी सहाची डॉक्टरची वेळ घेतली आणि दुपारी अंधेरीला, मरोळला गेली. तिथल्या एका बिनखिडक्यांच्या इमारतीत एआयला शिकवणारी हजार मशीन रांगेनं उभी होती. ती एकमेकांशी बोलावीत म्हणून लागणारं केबलचं सगळं जाळं प्रितमनं आखून लावलेलं. तो बाहेर आला तो मोठमोठ्यानं बोलत. दोघं समोरच्या चहाच्या टपरीवर बसली, तेव्हा टपरीवाल्यानं मान वर केली. आतल्या पंख्यांच्या आवाजातून आलं की त्याचं असंच व्हायचं.

"सहाला? वेडी आहेस का? काल चाचणी सुरू झालीय. बहात्तर तास. हजार मशीन मिळून एकच गणित सोडवतायत. एका केबलनं मान टाकली की बाकीची सगळी तिच्यासाठी ताटकळत उभी. थांबलं की पुन्हा शून्यापासून."

"आणि तू टाकलीस तर?"

"दाढ आहे गं. दुखते, थांबते. आमच्याकडे पण अशा चौदा केबल आहेत. क्षणभर सुटतात, आपोआप जोडल्या जातात. दर वेळी अलार्म वाजला तर सगळे घाबरून चाचणी थांबवतील. म्हणून ते चौदा अलार्म गप्प केलेत. चाचणी झाली की उघडायचे, मग केबल बदलायच्या. सगळीकडे असंच करतात."

"तू काय मशीन आहेस का रे?"

"असतो तर आईनं रोज विचारलं नसतं, जेवलास का म्हणून."

ती हसली. हसायला नको होतं. एम.ए.ची दोन वर्षं तिनं मरणावरच्या कवितांवर पानंच्या पानं लिहिली होती, आणि आत्ता एक नाव तोंडातून निघेना. बापाचं नाव काढलं की प्रितम उठून जायचा. तरी तिनं काढलं.

"कुंडलिककाकांचंही दाढेपासूनच..."

तो उठला.

"सोमवारी साडेतीनला संपतंय. मंगळवारी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

तिनं सहाची वेळ रद्द केली. मंगळवारची सकाळी दहाची घेतली.

रविवारी त्याचा मेसेज आला. "झकास चाललंय. आज दुखत नाहीये." मावशींना तिनं तो वाचून दाखवला. त्यांनी मंगळवारची वेळ पुन्हा एकदा विचारून घेतली.

सोमवारी साडेतीनला चाचणी पार पडली. टाळ्या वाजल्या, कुणी पेढे वाटले. प्रितमनं आपला पेढा कागदावर ठेवला. म्हणाला, आधी अलार्म उघडतो. केबल ओढणारे राजाराम शेजारीच होते. ते हात धुऊन आले तेव्हा तो टेबलावर डोकं टेकून होता. तीन दिवसांचा थकवा, झोपू दे पोराला, असं त्यांना वाटलं. वीस मिनिटं त्यांनी कुणाला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही.

त्याला अग्नी दिल्यावर, गुरुवारी श्वेता त्याची बॅग आणायला गेली. बॅग देताना राजाराम तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी एक कागद पुढे केला. प्रितमच्या अक्षरात गप्प केलेल्या अलार्मचे चौदा नंबर, एकाखाली एक.

"हा कुणाला तरी दाखवायला हवा ना, काका?"

"दाखवला, ताई. साहेब म्हणाले, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे, बघू सावकाश."

पहिल्या अकरा नंबरांपुढे उघडल्याची खूण होती. उरलेले तीन अलार्म अजून गप्पच होते.