कळवायला उशीर का झाला

गोडाऊन धुऊन काढलेलं होतं. भिंतींना ताजा चुना. जळालेलं म्हणून तिथं काही उरलं नव्हतं, आणि मला जळिताचाच सर्व्हे करायचा होता.

मी सर्व्हेयर आहे. नुकसान कशानं झालं, किती झालं ते बघून विमा कंपनीला रिपोर्ट द्यायचा, एवढं माझं काम. चितेगावच्या रफिकभाईंचा गाद्यांचा कारखाना. कापसाच्या गोडाऊनला आग लागली, शेजाऱ्यांनी विझवली. नुकसान झालं की लगेच कंपनीला कळवायचं, अशी पॉलिसीत अट असते. त्याला आम्ही नोटीस म्हणतो. रफिकभाईंनी महिना उलटल्यावर कळवलं, तेही कर्ज देणाऱ्या बँकेनं टोकलं म्हणून.

विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेम बघणारे देशमुख साहेब म्हणाले होते, "उशीर केला, वर जागा साफ केली. नो क्लेम लिहा अन् मोकळ्या व्हा."

"कारण तर विचारू द्या, सर. कारण खरं असलं तर उशीर माफ करता येतो."

"विचारा. शॉर्टसर्किट म्हणेल."

रफिकभाई तेच म्हणाले. पण मीटर दाराशी, वायरिंग जुनंच आणि धड. पत्रा काळा पडला होता तो पार मागच्या कोपऱ्यात.

"रफिकभाई, उशीर माफ होतो. खोटं नाही होत. तुम्हीच आग लावली, असं धरतील."

रफिकभाई दाराकडं बघू लागले.

तेवढ्यात त्यांचे वडील आत आले. पांढरी दाढी, सदऱ्याची बटणं वर-खाली लावलेली. मला बघून खूश झाले. "मेहमान आये? रुको, चाय रखता हूं." खिसे चाचपत ते त्या मागच्या कोपऱ्यात गेले, उकिडवे बसले आणि रिकाम्या फरशीवर स्टोव्हला पंप मारावा तसा हात हलवू लागले.

वरचा पत्रा काळाकुट्ट होता.

"अब्बा, उठा. घरी चला," रफिकभाई म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

वडिलांना घरी पोचवून परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "मॅडम, या माणसानं उभ्या जन्मात कापसाजवळ कुणाला बिडी पेटवू दिली नाय. पिंजारी लोकांत लई नाव हाय त्यांचं. आता नमाजाला उभं राह्यले तरी मधीच इसरतात. लोकांना काय सांगू? अब्बानं कारखाना जाळला? पोलिस आले असते, त्यांना पागल म्हणले असते. म्हणून रातोरात समदं फेकलं."

"अहो, चुकून लागलेली आग पॉलिसीत बसते. मुद्दाम लावलेली बसत नाही. कुणाच्या हातून लागली याची लाज धरायचं कारणच नव्हतं."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "बसते?"

"बसते. पण उशिराचं कारण लेखी द्यावं लागेल. डॉक्टरचा कागदही."

त्यांनी पेन हातात घेतलं. "नुसतं 'वय झालं' लिहिलं तर चालंल का?"

"नाही चालणार."

लिहिलं त्यांनी. वडिलांच्या नावाआधी 'हाजी' लिहिलं, मग ते खोडलं. मला खाली बघावं लागलं. माझ्याच सांगण्यावरून एक मुलगा बापाची अब्रू कागदावर मांडत होता.

देशमुख साहेबांनी ते वाचलं आणि उशीर माफ करायची शिफारस केली. गोडाऊनच्या शेडचा आणि दुरुस्तीला पाठवलेल्या पिंजण्याच्या मशीनचा क्लेम मिळाला. कापसाचा बराचसा कापला गेला, कारण जळालेला माल बघायला शिल्लकच नव्हता. रफिकभाईंनी तक्रार केली नाही. फोनवर एवढंच विचारलं, "मॅडम, तो कागद किती लोक वाचतील?"

सर्व्हेयर, ऑफिस, रीजनल ऑफिस, ऑडिट. मी म्हणाले, "एक-दोघं."

तेव्हापासून प्रत्येक क्लायंटला सांगते, आधी कंपनीला कळवा. लाज नंतरही वाटून घेता येते, तिला मुदत नसते.